चौथी नळी

पावणेसातला नळाला पाणी यायचं आणि साडेसातला जायचं. त्यामुळे टाउनशिपमधल्या बायकांची सगळी सकाळ त्या पाऊण तासात कोंबलेली असे. वैजयंती खानझोडे एका हाताने पिंप भरत होती, दुसऱ्या हाताने कढईतल्या पोह्यांवर झाकण ठेवत होती आणि तोंडाने नवऱ्याला एकेक वस्तू शोधून देत होती. रुमाल दोरीवर, गेटपास फ्रिजवर, चष्मा डोक्यावर. हेमंत फॅक्टरीत टर्बाइनच्या शॉपमध्ये मोठा साहेब होता, दोनशे माणसं त्याच्या एका हाकेवर हलायची. पण घरात त्याला स्वतःचे मोजे सापडत नसत.

पहिला भोंगा झाला आणि दारावर थाप पडली. बेल चालू होती, तरी थापच.

"बघ गं कोण आहे," हेमंत म्हणाला. तो दारापासून चार पावलांवर होता आणि वैजयंती मोरीत, पण ते असो.

दारात सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची एक मुलगी उभी होती. पाठीला बॅग, केस रेल्वेच्या वाऱ्याने विस्कटलेले. कपाळावर आठी, पण बोलणं मात्र अदबीचं.

"नमस्कार. कुसुम देशकर इथेच राहतात का?"

वैजयंतीच्या ओल्या हातातून पाणी टपकत होतं. हे नाव गेल्या वीस वर्षांत तिच्या आईखेरीज कुणी उच्चारलं नव्हतं, आणि आई जाऊनही चार वर्षं झाली होती.

"नाही," ती म्हणाली. "इथे कुणी कुसुम राहत नाही. पुढच्या लायनीत विचारा."

ती दार लावणार, तेवढ्यात आतून पोह्यांनी भरलेल्या तोंडाचा आवाज आला, "अगं, कुसुम म्हणजे तूच नं! काय करून राहिलीस, पोरीला परत पाठवते का?"

झालं. दार उघडावंच लागलं.

मुलीचं नाव कांचन बर्वे. पुण्याहून आली होती, रात्रभर बसून. डॉ. अरविंद सबनीसांच्या संस्थेत ती पीएच.डी. करत होती. सबनीसांचं नाव ऐकताच वैजयंतीने चहाचं आधण ठेवलं, साखर घातली, थोड्या वेळाने पुन्हा घातली, आणि चहा अतिगोड होणार हे कळूनही काही केलं नाही.

हेमंतला आठच्या आत गेट गाठायचं होतं. त्याने स्कूटरला किक मारता मारता बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "जेवायला येतोच आहे साडेबाराला. तोवर हिला खाऊन टाकू नकोस," म्हणाला आणि गेला.

सोनागिरीच्या बाजूच्या त्या क्वार्टर्समध्ये वैजयंतीला सगळे ओळखत. कशासाठी, तर तिच्या भिंगासाठी. तिच्या मसाल्याच्या डब्याशेजारी एक पितळी कड्याचं छोटं भिंग असे. लायनीतल्या बायका हळद-तिखटाच्या पुड्या घेऊन येत आणि ती चिमूटभर पूड पांढऱ्या कागदावर पसरून सांगे, "यात तांदळाचं पीठ आहे," किंवा "यात विटेची भुकटी आहे, नेऊन तोंडावर मार त्याच्या." सोनागिरीचे दुकानदार तिला पाहिलं की आतल्या पोत्यातला माल काढत.

आणखी एका गोष्टीसाठी तिला ओळखत, पण ती गोष्ट तिच्यासमोर कुणी बोलत नसे. तिला राग लगेच येत नाही, पण आला की जात नाही. एकदा रत्नप्रभाबाईंनी तिची अनारशांची कृती महिला मंडळात आपली म्हणून सांगितली आणि टाळ्या घेतल्या. वैजयंतीनेही वाजवल्या. पुढच्या वर्षी रत्नप्रभाबाईंनी तिला चकलीची भाजणी विचारली. तिने सगळं प्रमाण प्रेमाने लिहून दिलं, अगदी धण्या-जिऱ्यापर्यंत. फक्त पिठात कडकडीत तेलाचं मोहन घालायचं असतं, याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्या दिवाळीला रत्नप्रभाबाईंच्या चकल्यांवर साऱ्या लायनीचे दात हलले, आणि वैजयंती मान हलवत म्हणाली, "होतं असं कधी कधी."

तर अशी ही बाई समोर बसली आणि म्हणाली, "हं. बोल."

कांचनने बॅगेतून कागद काढले. "मॅडम, तुम्ही चौऱ्याऐंशी साली सबनीस सरांकडे बंगालच्या उपसागरातला गाळ मोजला होता."

"राख मोजली होती," वैजयंती म्हणाली.

ते खरंच राख मोजण्याचं काम होतं. जहाजावरून प्लास्टिकचा लांब पाइप समुद्राच्या तळात रोवायचा, तो गाळाने भरून वर काढायचा आणि त्याचे मीटर-मीटरचे तुकडे करायचे. त्या तुकड्यांना सगळे नळ्याच म्हणत. गाळ वर्षानुवर्षं कणाकणाने साचतो. वरचा आजचा, खालचा हजारो वर्षांपूर्वीचा. पण किती हजार, ते गाळ आपण होऊन सांगत नाही. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना जन्मसाल विचारलं तर म्हणतात, पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वर्षीचा. गाळाचंही तसंच. कुठेतरी मोठा ज्वालामुखी फुटतो, त्याची राख हजारो मैल पसरते आणि पाण्यावर, जमिनीवर, ध्रुवाकडच्या बर्फावर एकाच वेळी पडते. प्रत्येक स्फोटाच्या काचकणांची घडण वेगळी, त्यामुळे राख ओळखता येते. ती ओळखली की त्या थराचं साल कळलं. एका थराचं कळलं की मधल्या साऱ्या थरांचं काढता येतं. मग समुद्रातला गाळ आणि बर्फाचे थर शेजारी शेजारी ठेवून पाहायचं, की थंडीचा कडाका दोन्हीकडे एकदमच आला की मागेपुढे.

कुसुमच्या नळ्यांतली राख सुमात्राच्या तोबा ज्वालामुखीची होती, चौऱ्याहत्तर हजार वर्षांच्या आसपासची. मायक्रोस्कोपखाली ते कण फुटक्या बांगड्यांच्या तुकड्यांसारखे दिसत, बाकदार आणि पारदर्शक. सव्वा वर्ष तिने रोज आठ तास ते मोजले. नर्मदेच्या खोऱ्यातही ती राख सापडते. लग्नानंतर होशंगाबादला सहलीला गेली असताना सगळ्या बायका घाटावर भजी खात होत्या आणि ही नदीकाठच्या दरडीतला करडा पट्टा नखाने खरवडत उभी होती. "घरी भांडी घासायला नेताय की काय?" असं कुणीतरी विचारलंही होतं.

"सरांचा तो पेपर आम्हाला पहिल्या वर्षी पाठ करायला लावतात," कांचन सांगत होती. "थंडीचा कडाका आपल्या समुद्रात ध्रुवाच्या बर्फाच्या आठ हजार वर्षं आधी आला. सरांचं नाव त्या आठ हजार वर्षांवर आहे. मी गेल्या तीन वर्षांत त्याच भागातला नवा गाळ तपासला. माझ्या गाळात ते आठ हजार येतच नाहीत. समुद्र आणि बर्फ बरोबर जुळतात. मी दोनदा केलं, तीनदा केलं. सर माझे परीक्षक आहेत. ते म्हणाले, 'तुझे हात स्वच्छ नाहीत, पुन्हा कर.' जूनमध्ये माझी फेलोशिप संपते, मॅडम. पुन्हा करायला मी असणारच नाही तिथे."

"आणि मी काय करू?"

"संस्थेच्या कपाटात तुमच्या मायक्रोस्कोपच्या काचपट्ट्या आहेत. कोपऱ्यात 'कु. दे.' कोरलेल्या. सरांना विचारलं तर म्हणाले, 'होती कुणी एक, लग्न झालं, पत्ता नाही.' स्टोअरमधल्या केशवमामांना तुमची लग्नपत्रिका आठवत होती. नवरा खानझोडे, भोपाळ, फॅक्टरी. तुमच्या टाउनशिपच्या टेलिफोन यादीत खानझोडे एकच आहेत."

"केशव आहे अजून?"

"यंदा रिटायर होतायत. मॅडम, मला एवढंच विचारायचं होतं, मोजताना तुम्हाला काही... म्हणजे काही वेगळं दिसलं होतं का?"

वैजयंतीने तिच्या पुढ्यातला कागद स्वतःकडे ओढला. "राख किती खोलीवर लिहिली आहे?"

"तीन मीटर अठरा."

"म्हणजे चौथ्या नळीत, वरून अठरावर." ती हसली. ते हसणं पाहून कांचनने हातातला कप खाली ठेवला. "आणि तीन ब्याऐंशी असती तर? कर की भागाकार. तीनशे अठराच्या जागी तीनशे ब्याऐंशी सेंटिमीटर साचायला चौऱ्याहत्तर हजार वर्षं. मग दोन मीटर खोलीवर सापडलेला तुमचा कडाका कितीचा?"

कांचनने वर्तमानपत्राच्या कडेला आकडे मांडले. एकदा केले, खोडले, पुन्हा केले.

"सरांच्या हिशेबाने साडेशेहेचाळीस हजार वर्षांपूर्वीचा," ती हळूच म्हणाली. "आणि या हिशेबाने... अडतीस हजार सातशे. बर्फात तो अडतीस-एकोणचाळीसच्याच दरम्यान आहे. पण ब्याऐंशी कुठून आणलंत तुम्ही?"

"शंभरातून अठरा गेले की ब्याऐंशी. चौथी नळी उलटी आहे, बाळ. डोकं खाली, पाय वर."

मग तिने माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढली. तळाशी, लग्नातल्या शालूखाली, निळ्या पुठ्ठ्याची वही होती. पानापानांवर बारीक, ठाम अक्षरातले आकडे. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: *नळी ४. राखेचा भरड, रेखीव काठ वरच्या बाजूला. बारीक, विस्कटलेला काठ खाली. पाण्यात जड कण आधी बसतात, म्हणजे भरड काठ खालीच हवा. नळी उलटी ठेवली गेली आहे. सरांना सांगणे.* खाली तारीख होती, अकरा डिसेंबर पंच्याऐंशी.

"सांगितलं नाहीत?" कांचनने विचारलं.

"सांगायलाच गेले होते."

त्या दिवशी सरांच्या खोलीत पाच-सहा जण होते. टेबलावर टाइप केलेला पेपर होता आणि वर नावं दोन, अरविंद सबनीस आणि त्यांचा भाचा विनायक. विनायकने त्या सव्वा वर्षात मायक्रोस्कोपला डोळा लावला तो फक्त फोटो काढून घेण्यापुरता. कुसुमने वही छातीशी धरून विचारलं, "सर, माझं नाव?"

सर खुर्चीत मागे रेलले. माणूस मोठा गमत्या म्हणून प्रसिद्ध होता.

"तुझं नाव घालायला हरकत नाही गं, पण घालू कुठलं? आज देशकर, दोन महिन्यांनी आणखी कुणी. सासूच्या मनात आलं तर कुसुमचीही छबू करेल. असल्या नावावर विज्ञान चालत नाही, बाई. तू आपली पोळ्या गोल येतात का बघ."

सगळे हसले. विनायक जरा जास्तच. कुसुमही हसली, तिला तसंच वळण लावलेलं होतं. मग तिने वही मिटली आणि म्हणाली, "बरं, सर." बाहेर येऊन तिने वही पर्समध्ये टाकली.

फेब्रुवारीत लग्न झालं. सासूबाईंचं नाव नेमकं कुसुम. एका घरात दोन कुसुम कशा चालतील? तांदळाच्या ताटात हेमंतने अंगठीने नवं नाव लिहिलं आणि सगळ्यांनी माना पुढे करून ते वाचलं, तेव्हा नवरीच्या डोळ्यांत पाणी आलं. माहेर सुटतंय म्हणून रडते, असं बायका म्हणाल्या. प्रत्यक्षात ती मनात एकच वाक्य घोकत होती. छापा, सर. खुशाल छापा.

पेपर छापून आला. आभारात एक ओळ होती, 'मोजणीच्या कामात मदत करणाऱ्या प्रयोगशाळा सहाय्यिकेचे आभार.' कुसुमही नाही, देशकरही नाही. त्यानंतर ती वाट पाहायला लागली. सरांना कुठे पारितोषिक मिळालं की बातमी कापून वहीत ठेवायची आणि त्या दिवशी घरात काहीतरी गोड करायची. हेमंत विचारायचा, "आज काय विशेष?" ती म्हणायची, "असंच." माणूस जितका वर जाईल तितकं बरं, हा तिचा साधा हिशेब होता. सर परदेशी व्याख्यानाला गेले तेव्हा तिने श्रीखंड केलं. सर संचालक झाले त्या दिवशी पुरणपोळ्या.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," कांचन म्हणाली. "वीस वर्षं."

"एकवीस."

"आणि तुम्ही श्रीखंड खात होतात."

वैजयंतीला वाटलं होतं की मुलगी पाया पडेल, निदान हात तरी धरेल. कांचन उभी राहिली होती.

"सरांच्या त्या आकड्यावर चौघांनी प्रबंध लिहिलेत, मॅडम! माझ्या आधी एक मुलगी होती, तिचेही आकडे जुळेनात. ती सोडून गेली. बँकेत आहे आता. सरांना काय झालं? काही नाही! त्यांना तर अजून एक शाल मिळणार आहे, वीस जानेवारीला, पंचाहत्तरीच्या सभेत, आणि तिथे बोलायचंय मलाही. तुमचा नेम धरलेला दगड एकवीस वर्षं आमच्याच डोक्यात पडतोय."

मोरीतला नळ उघडाच राहिला होता. त्यातून आता नुसती हवा फुसफुसत होती. वैजयंतीने उठून तो बंद केला. बँकेतल्या त्या मुलीचं नाव विचारावंसं तिला वाटत होतं. विचारलं नाही.

"केशवला फोन लाव," ती म्हणाली.

"कशाला?"

"माझ्या वहीवर कोण विश्वास ठेवणार? नळ्या उभ्या चिरल्या, तेव्हा एक अर्धी बाजू मोजायला घेतली आणि दुसरी जपून ठेवली. ती शीतघरात असणार. लाव."

पलीकडून खोकल्याचा आवाज आला आणि मग, "कोण? कुसुमताई? अरे देवा, ताई! किती वर्षांनी! जावईबापू बरे आहेत ना?"

"सगळे बरे आहेत, केशव. तुझा दमा कसा आहे? बरं ऐक, कुणाला न सांगता एक काम कर. चौऱ्याऐंशीच्या गाळाची चौथी नळी काढ, ठेवणीतली अर्धी. लाल टोपण कुठल्या टोकाला आहे ते बघ."

लाल टोपण म्हणजे वरचं टोक आणि निळं म्हणजे खालचं, हा जहाजावरचा नियम. दहा मिनिटांनी केशव धापा टाकत फोनवर परत आला. "काढली ताई. लाल टोपण इथे, माझ्या उजव्या हाताला."

"राखेचा पट्टा दिसतोय? करडा?"

"दिसतोय. लाल टोपणापासून वीतभर."

"आता त्या पट्ट्याच्या दोन्ही कडा बोटाने हलकेच चोळ. भांडी घासायच्या पावडरीसारखी खरखर कुठल्या कडेला लागते?"

फोनच्या स्पीकरमधून शीतघराच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"लाल टोपणाकडच्या कडेला, ताई. दुसरी कड मैद्यासारखी आहे." मग केशवचा आवाज एकदम खाली गेला. "ताई, काही चुकलंय का? म्हणजे... तेव्हाचं?"

"का रे?"

"खंडेनवमी होती ना ताई, चौऱ्याऐंशीची. हत्यारांची पूजा. नळ्या जहाजावरून तशाच चिखलाने माखून आलेल्या. पूजेला असं घाणेरडं कसं ठेवायचं? म्हणून मी सगळ्यांची टोपणं काढून साबणाने धुतली, उन्हात वाळवली. नळ्या ओल्या फडक्याने पुसून लख्ख केल्या. त्यांच्यावर खडूचे बाण होते, ते पुसले गेले. मग टोपणं लावली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. टोपणं बरोबर लावली असंच वाटलं मला. सरांनीच नारळ फोडला होता. म्हणाले, 'वा केशव, प्रयोगशाळा कशी देवघरासारखी केलीस.'"

वैजयंतीने डोळे मिटले. झेंडूची ती माळ तिला आठवली. पेढे तिनेच वाटले होते.

"केशव, ही गोष्ट तू आता मला सांगितलीस ती सांगितलीस. पुन्हा कुणाला सांगायची नाही. कळलं?"

"पण चूक तर माझी ना ताई? पेन्शन..."

"चूक तुझी नाही. टोपण काय, कुणाच्याही हातून बदलेल. नळीत काय आहे ते न बघता टोपणावर भरवसा ठेवून छापलं, ती चूक. ती ज्याची त्याच्या पदरात घालू."

फोन ठेवल्यावर तिने कांचनकडे बोट रोखलं. "केशवचं नाव तुझ्या तोंडून निघालं, तर या वहीने बंब पेटवीन. ते सबनीस पहिलं काय करतील माहीत आहे? शिपायाची चूक म्हणून हात झटकतील आणि उलट सहानुभूती मिळवतील. तेवढी एक पळवाट आहे त्यांना. ती मला बुजवायची आहे."

कांचनच्या कपाळावरची आठी प्रथमच सैल झाली. "काकू," ती म्हणाली, आणि मॅडमची काकू कधी झाली ते दोघींच्याही लक्षात आलं नाही, "तुम्ही भयंकर आहात."

"हात धू. पोह्यांना हात लावला नाहीस अजून."

साडेबाराला हेमंत जेवायला आला तेव्हा जेवणाच्या टेबलावर वही, आकडे आणि भिंग पसरलेलं होतं आणि ताट ठेवायला जागा नव्हती. त्याने वरणभात हातात घेऊन उभ्याउभ्याच सगळी हकीकत ऐकली. पुरणपोळ्यांचा खुलासा ऐकताना त्याचा घास थांबला.

"म्हणजे मी ज्या पुरणपोळ्या खाल्ल्या त्या सबनिसाच्या नावाच्या?"

"तूप घालून खाल्ल्यास."

"बरं झालं मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "आता काय करून राहिल्या दोघी? पुढचं सांगा."

पुढचंच अडलं होतं. कांचनचं म्हणणं, तिचे गाइड सौम्य आहेत. ते सुचवतील की गुपचूप एक दुरुस्तीची टीप पाठवू, 'साठवणुकीतील त्रुटी' असं म्हणू, सरांचेही आभार मानू. सर दुखावणार नाहीत, प्रबंध सुटेल.

"आणि वीस तारखेला शाल?" वैजयंतीने विचारलं.

"शाल मिळेल त्यांना."

"मग नको. सभेतच बोल."

"काकू, ते माझे परीक्षक आहेत! भर सभेत मी उभी राहिले तर ते मला..."

"गुपचूप टीप पाठवलीस तर ती त्यांच्याच टेबलावर जाईल. संस्थेत कुठला कागद त्यांच्या डोळ्यांखालून जात नाही, ते मला सांग. ते ती दाबतील. किंवा त्याहून वाईट, ते ती स्वतःच्या नावावर छापतील. 'मी माझी चूक सुधारली.' केवढा मोठा मनाचा माणूस! त्यावर आणखी एक शाल." तिने वहीवर तळहात ठेवला. "त्या दिवशी तुझं बोलणं आहे ना?"

"पंधरा मिनिटं. सरांच्या संस्थेतले विद्यार्थी म्हणून आम्हा चौघांना."

"बाहेरचे लोक?"

"येणारेत. दोन परदेशी. गाळवाले, बर्फवाले, सगळे."

"मग त्यांच्यासमोर नळीच्या दोन्ही बाजूंचे फोटो दाखव. एक शब्द वावगा बोलू नकोस. कुणाला चोर म्हणू नकोस, कुणाची चूक म्हणू नकोस. भरड कड वर आहे, एवढंच म्हण. हॉलमधल्या प्रत्येक गाळवाल्याला ते बघताक्षणी कळेल. मग तुझा प्रबंध अडवायची छाती त्यांना होते का बघू. सगळे बघत असताना माणूस न्यायाने वागतो. त्याला दुसरा इलाजच नसतो."

हेमंतने ताट खाली ठेवलं. "पोरगी कोवळी आहे, तिचं नशीब पणाला लागलंय. तुझ्या सुडासाठी तिला पुढे करते का?"

प्रश्न बरोबर होता आणि तो नेमका लागला. वैजयंतीने कांचनकडे पाहिलं.

"हे बघ," ती म्हणाली, "वही तुला दिली. आत्ताच दिली, अट नाही. तुला गुपचूप टीप पाठवायची तर पाठव. मी एकवीस वर्षं गप्प बसले ते माझ्या सुखासाठी, तुम्हा मुलींचा विचार न करता. त्याचं मला वाईट वाटतं. सबनिसांचं मात्र तिळमात्र वाटत नाही, आणि ते वाटावं असं कुणी मला शिकवायलाही जाऊ नये."

कांचन वही चाळत राहिली. बातम्यांची कात्रणं, त्यात हसणारे सर, हारांत बुडालेले सर. प्रत्येक कात्रणाखाली तारीख आणि त्या दिवशीचा गोड पदार्थ. एका पानावर तिची नजर थांबली. संचालकपदाची बातमी, खाली 'पुरणपोळी'. ती हसली. हसता हसता तिने नाक पुसलं.

"'तुझे हात स्वच्छ नाहीत,' असं म्हणाले मला," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. सगळे हसले. मीपण हसले, काकू."

वैजयंतीने पोह्यांची ताटली तिच्याकडे सरकवली.

"बोलते मी," कांचन म्हणाली. "वीस तारखेला. पंधरा मिनिटांत."

दुपारच्या भोंग्याला हेमंत परत फॅक्टरीत गेला. दोघींनी बसून पंधरा मिनिटांची तयारी केली. वैजयंती सबनीस होऊन तिरके प्रश्न विचारायची आणि कांचन उत्तरं द्यायची. पहिल्या खेपेला कांचनचा आवाज कापला. चौथ्या खेपेला कापला नाही. "हळू बोल," वैजयंती सांगे, "फोटो दाखवलास की गप्प बस. त्यांना बघू दे. दहा आकडे मनात मोज आणि मगच पुढे जा. गप्प बसण्याइतकं काही लागत नाही माणसाला." संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली तेव्हा तिने डब्यात दशम्या आणि चटणी बांधून दिली.

रिक्षा दाराशी आली. कांचन चप्पल घालता घालता थांबली.

"काकू, पेपरात तुमचं नाव माझ्या नावाच्या आधी जाईल. कुसुम देशकर की वैजयंती खानझोडे, ते तुम्ही सांगा. शिवाय सभेत मी तुमचं नाव घेईन, तुमच्या मोजणीचा पाढा वाचीन. आणखी काही हवं असेल तर सांगा. संस्थेकडून पत्र? सत्कार?"

"नाव दोन्ही घाल. सत्कार नको," वैजयंती म्हणाली. "सर मंचावर बसणार ना?"

"हो. मधल्या खुर्चीत."

"मग मला पहिल्या रांगेत एक खुर्ची दे. बरोबर त्यांच्या समोरची."